गावच्या मैदानासाठी सरकारी पैसा: सातबाऱ्यापासून साठा नोंदवहीपर्यंत

पहाटे साडेचारला विदर्भातल्या आमच्या गावच्या फाट्यावर उभं राहिलं की डांबरी रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून धावणारी पोरं-पोरी दिसतात. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. जिनिंगला कापूस नेणारा ट्रक आला की ती रस्त्याखाली उतरतात, धूळ बसेपर्यंत थांबतात आणि पुन्हा धावू लागतात. गावाला मैदान आहे. पण त्यात भेगा आहेत, कडेनं बाभळी आहेत आणि सरकारी कागदावर ते मैदान म्हणून नोंदलेलंच नव्हतं.

गेली काही वर्षं मी आमच्या क्रीडा मंडळाचं कागदपत्रांचं काम बघतो. या काळात एक गोष्ट पक्की समजली. क्रीडांगणासाठी पैसा बऱ्याच ठिकाणी असतो, पण तो घ्यायला लागणारा जागेचा कागद गावाजवळ नसतो. बहुतेक गावं आधी आमदारसाहेबांकडे जातात, मग अर्ज करतात आणि शेवटी सातबारा शोधतात. हा क्रम उलटा आहे. पहिल्यांदाच या कामाला लागणाऱ्यांसाठी मी तो सुलटा करून सांगतो.

आधी जमीन कोणाची ते बघा

ज्या जागेवर तुम्ही खेळता तिचा सातबारा काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा मिळतो, तो जोडायला चालतो. पण पहिल्या खेपेला पटवाऱ्याकडे प्रत्यक्ष जा. आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आपल्याकडे पटवारी तो पटवारीच. त्यांच्यासमोर बसून गाव नकाशावर जागेवर बोट ठेवा आणि विचारा, "साहेब, हा नंबर कोणाच्या नावानं आहे आणि शेरा काय आहे?" त्या शेऱ्यावर पुढचं सगळं ठरतं.

आमचं काय झालं ते सांगतो. गावाबाहेर तीन एकरांचा तुकडा आहे. पोळा तिथंच भरतो, दिवाळीनंतरच्या मंडईतले, म्हणजे गावच्या जत्रेतले कबड्डीचे सामने तिथंच होतात. माझ्या वडिलांच्या लहानपणापासून ती जागा 'मैदान' आहे. आम्ही मोठ्या उत्साहानं प्रस्ताव केला, फोटो लावले, बावन्न सह्या घेतल्या. चार महिन्यांनी फाईल परत आली. सातबाऱ्यावर दोन शब्द होते: झुडपी जंगल. आम्ही तो उतारा स्वतःच जोडला होता, पण वाचला कोणीच नव्हता.

नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत ही नोंद जागोजागी सापडते. जुन्या मध्य प्रदेशातून हे जिल्हे १९५६ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यात आले तेव्हापासूनचा हा घोळ आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल ही वनजमीनच धरली. म्हणजे अशा जागेवर मैदानाचं बांधकाम करायचं तर १९८० च्या वन कायद्याखाली परवानगी लागते. काही जण सांगतील की वनहक्क कायद्यातून एक हेक्टरपर्यंत जागा मिळते. ते अर्धंच खरं आहे. त्या कायद्यात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, समाजमंदिर अशा १३ सुविधा दिल्या आहेत आणि खेळाचं मैदान त्यांत नाही. झुडपी जंगलाची नोंद निघाली तर माझा सल्ला सरळ आहे: त्या जागेवर पोरांना खेळू द्या, पण अनुदानासाठी दुसरी जागा शोधा. तिथं दोन वर्षं घालवू नका.

दुसरा प्रकार ई-क्लास. बाकी महाराष्ट्र ज्याला गायरान किंवा गुरचरण म्हणतो, त्याला वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, ई-क्लास म्हणतात. ही जमीन शासनाची असते, ग्रामपंचायतीकडे फक्त देखरेख असते. १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयानं गायरानाच्या वापरावर कडक बंधनं आली. सार्वजनिक कामासाठी आणि दुसरी योग्य जागा नसेल तरच तिचा विचार होतो. मैदान हे सार्वजनिक काम आहे, म्हणून दार बंद नाही. ग्रामसभेचा ठराव घेऊन तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करावी लागते. जागेवर अतिक्रमण आहे का, गुरांना चराईला किती क्षेत्र उरतं, हे तपासलं जातं. म्हणून ठरावाआधी गावातल्या गुराख्यांशी आणि गायी-म्हशी पाळणाऱ्यांशी बसून बोला. त्यांचा एक विरोधी अर्ज गेला की प्रकरण वर्षभर लटकतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नसतं.

तिसरा प्रकार शाळेचं मैदान. छोट्या गावासाठी मला हाच रस्ता सगळ्यात जवळचा वाटतो. जागा जिल्हा परिषदेच्या ताब्यात असते, बहुतेक ठिकाणी हद्द माहीत असते, आणि शाळेच्या वेळेनंतर गावानं वापरायचं ठरवलं तर एकाच पैशात दोघांचं काम होतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि जिल्हा परिषदेची लेखी संमती घ्या. संमतीपत्रात वापराच्या वेळा लिहून घ्या. नुसतं 'गावाला वापरता येईल' असं लिहिलं तर नवे मुख्याध्यापक आले की फाटकाला कुलूप लागतं.

चौथा प्रकार दानाची जमीन. एखादा कास्तकार मोठ्या मनानं वावराचा तुकडा देतो. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की झालं, असं गावाला वाटतं. तसं होत नाही. स्थावर मालमत्तेचं दानपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावंच लागतं, आणि त्यानंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव चढावं लागतं. दान घेण्याआधी उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' आहे का ते बघा, कारण अशी जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला तर वेगळे आणि कडक नियम आहेत. बँकेचा बोजा असेल तर तोही तिथंच दिसतो.

जागा नक्की झाली की भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरा. मोजणीनंतर जो नकाशा मिळतो त्याला 'क' प्रत म्हणतात. ती सांभाळून ठेवा. शेजारचा धुरा (बांध) सहा फूट आत आलाय हे मोजणीशिवाय कळत नाही, आणि कुंपणाचे खांब उभे राहिल्यावर कळलं तर भांडण कोर्टात जातं.

अर्ज कोणाच्या नावानं

ग्रामपंचायत, शाळा किंवा नोंदणीकृत मंडळ, यांपैकी कोणीही अर्जदार होऊ शकतं. कोणत्या योजनेत कोण बसतं ते त्या-त्या शासन निर्णयात दिलेलं असतं. आम्ही ठोकरा खाऊन एक वाटणी केली, ती चांगली चालली: जमीन आणि बांधकाम ग्रामपंचायतीच्या नावावर, साहित्य आणि रोजची देखभाल मंडळाकडे. सरपंच बदलतात, पण ग्रामपंचायत राहते.

मंडळ नोंदवायचं असेल तर किमान सात सभासद लागतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्ही कायद्यांखाली जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. नोंदणी ही सुरुवात समजा. दर वर्षी हिशेबाचं लेखापरीक्षण करून ते दाखल करावं लागतं. अध्यक्ष, सचिव बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आपल्या भागातली कितीतरी जुनी व्यायाम मंडळं इथंच अडकली आहेत. कागदावरचे अध्यक्ष वारून दहा वर्षं झाली, आणि बँकेत सही करायला कोणी अधिकृत माणूस नाही. तुमच्या गावात असं जुनं नोंदलेलं मंडळ असेल तर नवं काढण्याआधी त्याची फाईल बघा. अनेक योजनांत संस्थेच्या जुनेपणाला वजन असतं. मागचे बदल अर्ज आणि राहिलेलं ऑडिट एखाद्या जाणत्या वकिलाकडून आणि सीएकडून पूर्ण करून घेता येतं.

संघटितपणे खेळ चालवणं विदर्भाला नवं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झालं आणि १९३६ मध्ये त्यांच्या चमूनं थेट बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली. सुरुवात एका आखाड्यापासूनच झाली होती.

ठराव असा घ्या

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा सगळ्यांना माहीत आहेत. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती बऱ्याच गावांत रजिस्टरवरच उरकतात. मैदानाच्या बाबतीत तसं करू नका. आमच्या महिला सभेत एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, मैदान करा, पण संडास आणि एक दिवा नसला तर आम्ही सहानंतर येणार नाही." आमच्या अंदाजपत्रकात तोपर्यंत त्या दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्याच दिवशी घातल्या.

ठरावाचा मसुदा साधा ठेवा. आमचा असा होता:

'मौजा ______ येथील भूमापन क्रमांक ____, क्षेत्र ____ हे. आर ही जागा खेळाच्या मैदानासाठी कायम राखून ठेवण्यात येत आहे. या जागेवर सपाटीकरण, धावनपथ, कुंपण, कबड्डी, खो-खो व व्हॉलीबॉलची मैदाने, महिला व पुरुषांसाठी स्वतंत्र प्रसाधनगृह, पिण्याचे पाणी व दिवाबत्ती यांसाठी शासनाच्या विविध योजनांतून निधी मागण्यास, तसेच काम पूर्ण झाल्यावर देखभालीचा खर्च ग्रामपंचायतीने करण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. सूचक: ______. अनुमोदक: ______.'

यात 'विविध योजनांतून' हे शब्द मुद्दाम आहेत. एकाच योजनेचं नाव लिहिलं की दुसऱ्या कार्यालयासाठी पुन्हा ग्रामसभा भरवावी लागते. देखभालीचं वाक्यही गाळू नका, छाननीत पहिल्यांदा तेच शोधतात. याच सभेत मैदानाचं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घ्या. आराखड्यात नसलेल्या कामावर ग्रामपंचायतीला स्वतःकडचा निधी खर्च करता येत नाही. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, मनापासून सोबत असले तर हे एका सभेत होतं.

अंदाजपत्रक, आणि आपली काळी माती

अंदाजपत्रक जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागातले कनिष्ठ अभियंता सरकारी दरसूचीप्रमाणे करतात. गावातल्या ठेकेदाराच्या कोऱ्या कागदावरचा आकडा चालत नाही. अभियंत्याला जागेवर बोलवा, आणि ते येतील तेव्हा तुम्ही स्वतः तिथं हजर राहा, कारण इथंच विदर्भाची माती मध्ये येते.

अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यातली भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. वैशाखात आमच्या मैदानावर अशा भेगा पडायच्या की बारकं पोर धावताना टाच आत जायची. माझ्या पुतण्याचा घोटा असाच मुरगळला होता. अशा जमिनीवर नुसतं सपाटीकरण केलं तर पहिल्या पावसात पैसा वाहून जातो. वरची माती काढून मुरमाचा थर, त्यावर पाणी मारून रोलरची दबाई, मैदानाला मधून कडेकडे हलका उतार आणि चारी बाजूंनी नाली, एवढं अंदाजपत्रकात असलंच पाहिजे. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात दुखणं वेगळं आहे. तिथं आजूबाजूच्या बांध्यांचं पाणी मैदानात शिरतं, म्हणून आधी मैदानाची पातळी उचलावी लागते. मोजणी झाल्यावर एकदा भर पावसात जागेवर जाऊन पाणी कुठून येतं आणि कुठं साचतं याचे फोटो काढा. आमच्या अभियंत्यानं तसा फोटो बघूनच नालीची लांबी वाढवली.

मापं डोक्यात असू द्या. कबड्डीला पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, खो-खोला २७ बाय १६ आणि व्हॉलीबॉलला १८ बाय ९ मीटर. हे झालं रेघांच्या आतलं माप, बाहेर मोकळी जागा वेगळी लागते. ४०० मीटरचा धावनपथ सुमारे चार एकर खातो. दोन एकर असलेल्या गावानं २०० मीटरचाच पथ मागावा. आठ फेऱ्यांत १,६०० मीटर होतात आणि चार फेऱ्यांत ८००. भरतीच्या पोरांना याहून जास्त काही नको. गोळाफेकीला एका कोपऱ्यात वेगळा पट्टा ठेवा आणि तो धावनपथापासून दूर आखा. मुलांच्या भरतीचा गोळा ७.२६ किलोचा असतो, सुटला तर कोणाच्याही पायावर येईल.

अंदाजपत्रकाचे दोन-तीन तुकडे करून घ्या: माती आणि नाली, कुंपण, प्रसाधनगृह आणि पाणी. सगळं एकाच आकड्यात घातलं तर तो आकडा पाहून कोणतंच कार्यालय हात लावत नाही. तुकडे असले की एक काम एका निधीतून आणि दुसरं दुसऱ्या निधीतून होतं. मात्र एकच काम दोन ठिकाणी मंजूर करून घेऊ नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय पुढच्या दहा वर्षांसाठी गावाचं नाव खराब होतं.

कोणत्या दारावर कशासाठी जायचं

पहिलं दार जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं. हे कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा क्रीडा संकुलातच असतं, तालुक्याला तालुका क्रीडा अधिकारी असतात. इथं क्रीडांगण विकास अनुदान आणि व्यायामशाळा विकास अनुदान अशा दोन योजना विचारायच्या. क्रीडांगणाच्या योजनेत सपाटीकरण, २०० किंवा ४०० मीटरचा धावनपथ, कुंपण, खेळांची मैदानं, प्रसाधनगृह, पिण्याचं पाणी, साहित्य ठेवायची खोली अशा बाबी येतात. व्यायामशाळेच्या योजनेत इमारत, व्यायामाचं साहित्य आणि खुली व्यायामशाळा. पैसा मुख्यतः जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. कमाल रक्कम, स्वहिस्सा आणि अर्जाचा नमुना यांसाठी चालू शासन निर्णयाची प्रत मागून घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या आकड्यावर अंदाजपत्रक बेतू नका, मर्यादा अधूनमधून बदलते.

खुल्या व्यायामशाळेबद्दल माझं स्पष्ट मत आहे. ती लवकर मंजूर होते, फोटोत छान दिसते आणि उद्घाटनही जोरात होतं. पण मैदानाआधी ती मागू नका. रंगीत लोखंडी यंत्रं पावसात उभी आणि पोरं अजून रस्त्यावर धावताहेत, असं चित्र मी आमच्याच तालुक्यात तीन गावांत बघितलंय.

दुसरं दार लोकप्रतिनिधींचं. खासदारांना स्थानिक विकास निधीतून वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात, आमदारांचाही तसा कार्यक्रम आहे. ते पत्र देतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयाची नियोजन शाखा देते. कुंपण आणि प्रसाधनगृह यांसारखी ठोस कामं इथं मागा. ग्रामविकास खात्याचा ज्याला सगळे 'पंचवीस-पंधरा' म्हणतात तो मूलभूत सुविधांचा निधीही लोकप्रतिनिधींच्या शिफारशीनंच येतो. भेटायला जाताना दहा जणांचा घोळका नेऊ नका. सरपंच, एक खेळाडू मुलगी आणि कागद नीट सांगू शकणारा एक माणूस पुरे. पूर्ण फाईलची एक प्रत तिथं सोडून या.

गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना खास अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या भागात असेल, जसे मेळघाटातले धारणी-चिखलदरा, गडचिरोलीचा मोठा भाग, यवतमाळ आणि चंद्रपूरमधले काही तालुके, तर पेसाचा पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येतो आणि त्याचा खर्च ग्रामसभा ठरवते. पायाभूत सुविधा हा त्यातला एक भाग आहे.

कोळसा, लोखंड, मँगनीज, चुनखडी निघणाऱ्या भागातल्या गावांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठान विसरू नये. चंद्रपूर, वणी, नागपूरचा खाणपट्टा आणि गडचिरोलीतल्या गावांनी तर मुळीच नाही. हा पैसा खाणींमुळे बाधित झालेल्या गावांचाच आहे. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत शिक्षणाच्या बाबीखाली क्रीडा सुविधा स्पष्ट लिहिल्या आहेत, म्हणून शाळेच्या मैदानाचा प्रस्ताव इथं चांगला बसतो. अर्जात 'शिक्षण' हाच शब्द वापरा आणि गाव बाधित यादीत आहे याचा पुरावा जोडा. खाण कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही मागता येतो, कंपनी कायद्यात ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला त्यात जागा आहे.

मातीकामासाठी ग्रामरोजगार सेवकाला विचारा. मनरेगाच्या कामांत खेळाचं मैदान बसवलेलं होतं; त्या कायद्याच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर झाला, म्हणून आता काय बसतं ते आधी विचारून घ्या. तिथं ठेकेदार चालत नाही, मजुरीवर भर असतो. उन्हाळ्यात गावातल्या हातांना काम आणि मैदानाला माती, दोन्ही साधतं. पेरणी लागली की मजूर मिळत नाहीत, म्हणून मागणी हिवाळ्यातच नोंदवा.

साहित्यासाठी, म्हणजे चेंडू, जाळी, खो-खोचे खांब अशा गोष्टींसाठी, जिल्ह्याचं युवा केंद्र बघा. पूर्वीचं नेहरू युवा केंद्र, आता मेरा युवा भारत. नोंदलेल्या युवा मंडळांशी त्यांचा संपर्क असतो. 'खेलो इंडिया'चं नाव सगळ्यांच्या ओठावर आहे, पण त्यातला बांधकामाचा पैसा सिंथेटिक ट्रॅक, बंदिस्त सभागृह अशा मोठ्या प्रकल्पांकडे जातो. गावाच्या मैदानानं त्याची वाट बघत बसू नये.

फाईल आणि तिचा पाठपुरावा

फाईलमध्ये वरून खाली हा क्रम ठेवा: विनंती अर्ज, ग्रामसभेचा ठराव, सातबारा किंवा नमुना ८, मोजणीची 'क' प्रत, जागेचे तारखेसह फोटो, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, यापूर्वी याच कामासाठी अनुदान घेतलं नसल्याचा दाखला, देखभालीचं हमीपत्र, संस्थेची नोंदणी आणि ऑडिट, बँक खात्याचा तपशील. प्रत्येक पानाला नंबर टाका. तीन संच करा, एक स्वतःकडे.

फाईल टेबलावर ठेवून परत येऊ नका. आवक शाखेत द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. दोन महिन्यांनी तो क्रमांक सांगून चौकशी केली की बाबू लोक रजिस्टर उघडतात. 'मागं एक अर्ज दिला होता' म्हटलं तर कोणी मान वर करत नाही. उत्तरच मिळेना तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण आधी एकदा समोर जाऊन नीट बोला. मला भेटलेले बहुतेक कर्मचारी कागद पूर्ण असला की मदतच करतात.

वेळेचं भान ठेवा. सरकारी वर्ष मार्चअखेर संपतं. जानेवारीत धावपळ करणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं. जमीन आणि ठराव पावसाळ्यापूर्वी, अंदाजपत्रक पावसाळ्यात, अर्ज दिवाळीच्या आत, असं जमलं तर उन्हाळ्यात काम उभं राहतं.

मंजुरीनंतर

प्रशासकीय मान्यतेचा आदेश आला की तो पूर्ण वाचा. काम किती दिवसांत सुरू करायचं, हप्ते कसे मिळणार, खरेदी ई-निविदेनं की सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून, हे सगळं त्यात असतं. आदेशाआधी काम सुरू करू नका, त्या कामाचं बिल निघत नाही. काम चालू असताना मुरमाचा थर टाकला की वरची दबाई होण्याआधी अभियंत्याला बोलवून मोजमाप पुस्तिकेत नोंद करून घ्या. झाकला गेलेला थर नंतर कोणी मोजू शकत नाही. आम्ही रोज संध्याकाळी एकाच खांबाजवळ उभं राहून मोबाइलवर ठिकाणाची नोंद असलेला फोटो काढायचो. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला वेळेत द्या, नाही तर पुढचा हप्ता आणि पुढची योजना दोन्ही अडतात.

साहित्य आलं की त्याच दिवशी साठा नोंदवहीत उतरवा: वस्तू, संख्या, किंमत, बिल क्रमांक, कोणाच्या ताब्यात. २००८-०९ मध्ये केंद्राची पायका ही ग्रामीण क्रीडा योजना आली तेव्हा मैदानासाठी ग्रामपंचायतीला एकरकमी १ लाख रुपये मिळायचे आणि गावात खेळ चालवायला एक क्रीडाश्री नेमायचा असे. त्या काळातले व्हॉलीबॉलचे खांब आमच्याकडे अजून आहेत, ग्रामपंचायतीच्या पडवीत गंजलेले. जाळी कपाटात, कपाटाला कुलूप, चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून आम्ही आता दोन चाव्या करतो. एक ग्रामपंचायतीत आणि दुसरी रोज मैदानावर येणाऱ्या खेळाडूकडे, दर महिन्याला बदलून. या महिन्यात ती महिला सभेत दिव्यासाठी उभ्या राहिलेल्या मुलीकडे आहे.

मैदान झाल्यावर गावाशी दोन गोष्टी लेखी ठरवा. सोयाबीन निघालं की मळणीयंत्र आणायला सपाट जागा हवी असते, लग्नाच्या मांडवाचे खुंटेही तिथंच ठोकले जातात. आम्ही मळणीसाठी मैदानाच्या पश्चिमेचा पट्टा सोडला आणि मांडवाला शुल्क लावलं. खड्डे बुजवून दिल्याशिवाय अनामत परत मिळत नाही. त्या पैशातून दर ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरला की, मुरूम आणि रोलर येतो. तोवर दोन आठवडे धावनपथावर दोरी बांधलेली असते आणि पोरं कडेच्या गवतावरून धावतात.